दुधातून काय गेलं, दुधात काय आलं

नागपूरहून वर्ध्याकडे येणारी गाडी बुटीबोरी आणि बोरखेडी मागे टाकून सिंदीला थांबते. आमच्या गावाच्या नावापुढे कंसात ‘रेल्वे’ लागतं, त्यामुळे वर्धा शहराला खेटून असलेल्या सिंदी मेघेशी गल्लत होत नाही. या गावात सकाळी एकाच गल्लीत चार प्रकारचं दूध येतं. एका घरी गवळ्याचा म्हशीच्या दुधाचा रतीब असतो, दुसऱ्या घरी दुकानातून टोण्ड दुधाची पिशवी येते. तिसऱ्याकडे दारातली गाय दूध देते आणि चौथ्या घरी सून शहरातून येताना फुल क्रीमचा पुडा आणते. चारही घरांत प्रश्न मात्र तेच विचारले जातात. दूध चांगलं की दही? डॉक्टरांनी तूप बंद करायला सांगितलंय, मग पनीर चालेल का? पोराला चीज आवडतं, द्यावं का? गाईचं घ्यावं की म्हशीचं?

या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं पाठ करण्याची गरज नाही. सगळे दुग्धपदार्थ एकाच दुधापासून झाले आहेत. कुठलाही पदार्थ हातात आला की दोनच गोष्टी विचारायच्या: या दुधातून काय काढून घेतलं आणि यात वरून काय घातलं? एवढं कळलं की रोज काय खायचं, बेतानं काय खायचं आणि सणालाच काय खायचं, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी म्हशीच्या एक लिटर दुधाचा हिशेब मांडू. त्यात साधारण 65 ग्रॅम स्निग्धांश असतो. संकलन केंद्रावर दूध घालणारा शेतकरी ज्याला ‘फॅट’ म्हणतो, तोच हा. 35 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, 50 ग्रॅमच्या आसपास दुधातली नैसर्गिक साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सगळं मिळून हजाराच्या आसपास कॅलरी होतात. गाईच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या जवळपास असतो आणि प्रथिनं थोडी कमी असतात, पण कॅल्शियम जवळजवळ तेवढंच.

आता या लिटरभर दुधाला विरजण लावा. दही झालं तरी भांड्यातून काहीच बाहेर गेलेलं नाही. जिवाणूंनी थोडं लॅक्टोज खाऊन त्याचं आम्ल केलं, एवढाच बदल झाला. मग दही घुसळा. लोणी वर आलं, ते काढलं, कढवलं, तूप झालं. स्निग्धांश जवळजवळ सगळा तुपाच्या बरणीत गेला. पण प्रथिनं आणि कॅल्शियम कुठे राहिलं? खालच्या मह्यात, म्हणजे ताकात. लिटरभर दुधाचं सगळं कॅल्शियम आणि बहुतेक सगळी प्रथिनं त्या गंजात पडून असतात. तूप आपण कुलपात ठेवतो आणि मही शेजारीपाजारी वाटून टाकतो किंवा गुराच्या आंबोणात ओततो. ‘ताकाला जाऊन भांडं लपवणं’ ही म्हण आपल्याकडे आली, कारण ताक मागायची लोकांना लाज वाटे. ते फुकटचं मानलं जाई. आहाराच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या घुसळणीतला मोलाचा भाग तोच होता.

तुपाबद्दल आपल्याकडे भावना फार खोल आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. ‘तूप खाल्ल्यानं हाडं मजबूत होतात’ हे खरं नाही. तुपात कॅल्शियम नाही आणि प्रथिनंही नाहीत. ती जवळजवळ शंभर टक्के चरबी आहे. त्यात अ जीवनसत्त्व आहे, चव आहे, वास आहे आणि पाच ग्रॅमच्या एका लहान चमच्यात 45 कॅलरी आहेत. तूप विष आहे असं मी म्हणत नाही. वरणभातावर एक चमचा तूप घालून पोटभर जेवणारा माणूस त्या चमच्यानं आजारी पडत नाही. वनस्पती तुपापेक्षा घरचं साजूक तूप शंभर पटीनं बरं. पण तूप हे दुधाच्या वाटणीला धरता येत नाही. ते तेलाच्या वाटणीत जातं. ज्या दिवशी पोळीला तूप लावाल, त्या दिवशी फोडणीचं तेल तेवढं कमी करा.

हा बेत कशासाठी, तेही आकड्यात पाहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी संपृक्त चरबीचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला ही मर्यादा 22 ग्रॅमच्या आसपास पडते. म्हशीचं साय न काढलेलं 300 मिलिलिटर दूध प्यायलं की त्यातली 12-13 ग्रॅम संपतात. वर एक मोठा चमचा तूप घेतलं की आणखी 9 ग्रॅमच्या आसपास. दिवसाचा कोटा इथेच पुरा झाला, तेल, शेंगदाणे आणि फरसाण अजून मोजलेलंच नाही. ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलं आहे किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांना डॉक्टर तूप-लोणी आवरायला सांगतात ते या हिशेबामुळे.

मात्र सगळी दुधाची चरबी शरीरात सारखीच वागत नाही. तेवढीच चरबी लोण्यातून दिली आणि चीजमधून दिली, तर लोण्यानं वाईट कोलेस्टेरॉल जास्त वाढतं, असं माणसांवर केलेल्या चाचण्यांत दिसून आलं आहे. प्रथिनं, कॅल्शियम आणि आंबवण्याची प्रक्रिया यांच्या सोबतीनं चरबीचा परिणाम सौम्य होत असावा. ‘लॅन्सेट’मध्ये 2018 साली 21 देशांतल्या 1 लाख 36 हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज दोनपेक्षा जास्त वेळा दूध-दह्यासारखे पदार्थ घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि हृदयविकाराचं प्रमाण कमी आढळलं. ही पाहणी होती, प्रयोग नव्हता. दूध पिणाऱ्यांचं बाकीचं जेवणही बरं असू शकतं. तरी दूध-दह्याला घाबरण्याचं कारण नाही, एवढं त्यातून नक्की म्हणता येतं. लोण्याला तशी सूट तिथे मिळालेली नाही.

आता दही आणि ताक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्या भागासाठी यापेक्षा चांगला दुग्धपदार्थ मला दिसत नाही. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. सकाळी तापवलेलं दूध दुपारपर्यंत नासतं. दह्यातलं आम्ल मात्र नासवणाऱ्या जंतूंना आवर घालतं. आपल्या आज्या-पणज्यांनी दुधाचं दही केलं ते आवडीसाठी तर खरंच, पण या उन्हातून दूध वाचवण्याचा मार्गही तोच होता.

अनेकांना मोठेपणी दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. लॅक्टोज पचवणारं विकर वयाबरोबर कमी होतं. भारतात हे सर्रास आढळतं आणि हा काही रोग नव्हे. दह्यात लॅक्टोज थोडं कमी असतं आणि दह्यातले जिवाणू उरलेलं पचवायला मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या बहुतेकांना दही सोसतं. दूध सोडलंच पाहिजे असंही नाही. अर्धा कप दूध जेवणाबरोबर घेऊन पाहा, बऱ्याच जणांना ते चालतं.

ताक पिताना पाण्याचा हिशेब ठेवा. लिटरभर दह्यात दोन लिटर पाणी घातलं, तर 200 मिलिलिटरच्या पेल्यात साधारण 80 मिलिग्रॅम कॅल्शियम येईल. निम्मं पाणी घातलं तर 120. एक वाटी घट्ट दह्यात याहून जास्त, 180 च्या घरात. तेव्हा उन्हातून आल्यावर तहान भागवायला पातळ मही उत्तम, पण म्हाताऱ्या माणसाच्या हाडांसाठी दह्याची वाटीच मोजा. मिठाचंही तसंच आहे. दिवसभर शेतात घाम गाळणाऱ्याच्या ताकात चिमूटभर मीठ असावं, त्याची त्याला गरज आहे. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला ती गरज नाही. काळं मीठ, सैंधव घातलं तरी सोडियम ते सोडियमच. जिरं, आलं, सांभार (म्हणजे कोथिंबीर), पुदिना घाला, मिठाची आठवणही होणार नाही. तयार मसाला ताकाच्या पाकिटावर सोडियमचा आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्या.

कढीबद्दल एक गैरसमज आहे की ताक उकळलं म्हणजे त्यातलं सगळं गेलं. जिवंत जिवाणू मरतात हे खरं. कॅल्शियम आणि प्रथिनं कुठेही जात नाहीत. आपली गोळ्यांची कढी तर याच्याही पुढची आहे. डाळीची आणि दुधाची प्रथिनं एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. भाकरी आणि गोळ्याची कढी हे जेवण आहारशास्त्राच्या कुठल्याही परीक्षेत उत्तीर्ण होईल, फक्त वरून घ्यायचं तेल हात आखडून घ्या. आणि दही, ताक, कढी यांतलं काहीही कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवू नका. ते कळकतं आणि असं कळकलेलं ताक खरोखरच बाधतं. स्टीलचं भांडं किंवा मातीचं गाडगं वापरा.

विकतच्या गोड दह्याची, फळांच्या स्वादाच्या दह्याची आणि लस्सीची गोष्ट वेगळी. दह्यातून काही गेलेलं नसतं, पण साखर बरीच आलेली असते. मधुमेहींनी साधं दही जरूर खावं, लस्सी नाही.

पिशवीच्या दुधाकडे वळू. पिशवीवरच्या नावांचा अर्थ कायद्यानं ठरलेला आहे. फुल क्रीम म्हणजे किमान 6 टक्के स्निग्धांश, स्टँडर्डाइज्ड 4.5 टक्के, टोण्ड 3 टक्के, डबल टोण्ड 1.5 टक्के आणि स्किम्ड जास्तीत जास्त अर्धा टक्का. अर्धा लिटर फुल क्रीममध्ये 30 ग्रॅम चरबी येते, टोण्डमध्ये 15. प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्हींत जवळपास सारखं. ‘टोण्ड म्हणजे पाणी घातलेलं दूध’ अशी तक्रार लोक करतात, त्यात एक खरा इतिहास आहे. टोण्ड दूध हे मुंबईच्या आरे दुग्धवसाहतीशी जोडलेल्या दारा खुरोदी यांचं देणं मानतात. म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळायचं, म्हणजे चरबी विभागली जाते, प्रथिनं टिकतात आणि तेवढ्याच दुधात जास्त मुलांची पोटं भरतात. 1963 साली व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर खुरोदींनाही रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते पाणी चोरून घातलेलं नव्हतं, मोजून घातलेलं होतं. गवळ्याच्या कॅनमधल्या पाण्यात आणि त्यात हाच फरक.

तर कुठलं घ्यावं? एक ते दोन वर्षांच्या मुलाला आणि वजन न भरणाऱ्या अशक्त माणसाला पूर्ण सायीचं दूध. चाळिशी ओलांडलेल्या, बसून काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाला टोण्ड किंवा डबल टोण्ड. म्हशीच्या दुधाचा रतीब मोडायची गरज नाही. दूध तापवून, गार करून वरची जाड साय काढली की तेही बरंच हलकं होतं. फक्त ती साय साखर घालून त्याच माणसाच्या ताटात जाऊ नये. आणि पिशवीवर निळ्या रंगात ‘+एफ’ अशी खूण दिसली तर ती पिशवी घ्या. त्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. ड नसेल तर प्यायलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

गाईच्या दुधाचा विषय वर्धा जिल्ह्यात निघाला की तो दुधापुरता राहत नाही. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचा शेवटचा काळ गोसेवेला दिला. 1941 साली गोसेवा संघ उभा केला आणि 11 फेब्रुवारी 1942 ला ते गेले. आर्वी, आष्टी, कारंजा भागातली पांढरी, चपळ गवळाऊ गाय ही याच मातीची जात. गवळाऊ मुळात बैलांसाठी नावाजलेली, दूध बेताचंच देते. तिचं दूध ‘ए-टू’ म्हणून चढ्या भावात विकलं जातं आणि त्याच्या गुणांबद्दल बरंच काही सांगितलं जातं. ‘ए-वन’ आणि ‘ए-टू’ हा दुधातल्या एका प्रथिनाच्या रचनेतला बारीकसा फरक आहे. काहींना ए-टू दूध पोटाला हलकं वाटतं, पण त्यानं मधुमेह किंवा हृदयविकार टळतो असं सिद्ध झालेलं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं पाकिटांवरचे हे दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला, त्यामुळे ग्राहक आणखीच गोंधळला. आपल्या म्हशीचं दूधही ए-टूच असतं, हे मात्र जाहिरातीत कोणी सांगत नाही. गवळाऊ टिकावी म्हणून तिचं दूध घेत असाल तर अवश्य घ्या, ते चांगलं काम आहे. औषध म्हणून दुप्पट पैसे मोजत असाल तर त्या पैशांत डाळ आणि फळं आणा.

बकरीच्या दुधाला आमच्याकडे गांधीजींमुळे मान आहे. गाई-म्हशींकडून दूध काढताना होणारा छळ ऐकून त्यांनी दूध सोडलं होतं. मोठ्या आजारपणानंतर, 1919 साली, कस्तुरबांनी सुचवल्यावरून त्यांनी बकरीचं दूध घ्यायला सुरुवात केली. ते पचायला बरं, पोषणात गाईच्या दुधाच्या जवळपासचं आहे. पण त्यात फोलेट फार कमी असतं, म्हणून तान्ह्या बाळाला ते देऊ नये. खरं तर एक वर्षापर्यंत गाईचं, म्हशीचं, बकरीचं कुठलंच वरचं दूध आईच्या दुधाच्या जागी देऊ नये.

धारोष्ण दुधाचं कौतुकही आता आवरायला हवं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षयरोग माणसाला होऊ शकतो. गाय कितीही घरची असो, दूध उकळूनच प्या. उकळल्यानं काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, कॅल्शियम आणि प्रथिनं राहतात. चिकाचं दूधही वाफवून, खरवस करूनच खावं, आणि आधी वासराचं पोट भरू द्यावं.

पनीर पाहा. दूध फाडून पाणी काढून टाकलं, त्याबरोबर बहुतेक लॅक्टोज गेलं. प्रथिनं आणि चरबी दाट झाली. शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि साडेचारशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, चरबी मात्र 15 ते 25 ग्रॅम. शाकाहारी माणसासाठी हे उत्तम अन्न आहे, पण ते डाळीच्या किंवा उसळीच्या जागी खायचं. डाळ, भाजी, पोळी, भात सगळं खाऊन वर पनीर नको. फाडलेल्या दुधाचं पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवा. लग्नाच्या पंगतीतलं किंवा ढाब्यावरचं पनीर पनीरच असेल याची खात्री नसते. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल घालून केलेला, पनीरसारखा दिसणारा पदार्थ बाजारात आहे. पाकीटबंद असेल तर त्यावर ‘ॲनालॉग’ असं लिहिलेलं असतं, सुट्या मालावर काहीच लिहिलेलं नसतं. घरी तुकडा पाण्यात उकळून, गार करून त्यावर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर पिष्ट मिसळलेलं आहे. खव्यालाही हीच चाचणी लागू. पण यातून तेलाची भेसळ कळत नाही, म्हणून पनीर घरी करणं हाच खात्रीचा मार्ग.

चीजमध्ये कॅल्शियम आणि प्रथिनं भरपूर, मीठही भरपूर. पोराला आठवड्यातून एक-दोन वेळा एखादी चकती चालेल. टेबल बटर म्हणजे मीठ घातलेलं लोणी, त्याचा हिशेब तुपासारखाच. चहासाठी आणतो त्या ‘डेअरी व्हाइटनर’च्या भुकटीत बहुतेकदा साखर मिसळलेली असते, तिला दुधाची भुकटी समजून बाळाच्या बाटलीत घालू नका. दुधात कालवायच्या चॉकलेटी भुकट्यांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, अशी सूचना केंद्र सरकारनं एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दिली. दुधाला त्या भुकटीची गरज नाही.

आता गोडधोड. वर्ध्याला जाऊन आलेला माणूस गोरस भांडाराचा गोरसपाक घेतल्याशिवाय परतत नाही. मलाही तो फार आवडतो. नावात गोरस आहे म्हणून तो दुधाच्या हिशेबात धरायचा का? नाही. ते तूप, साखर आणि पीठ आहे, आणि त्या मिलाफाची गोडी अपूर्व आहे. एक खावा, चवीनं खावा. पेढ्याचं वेगळं. लिटरभर दुधाचा आटून दोनशे ग्रॅमच्या आसपास खवा होतो, म्हणजे दुधातलं सगळं पाचपट दाट झालं. कॅल्शियमही पाचपट आणि चरबीही पाचपट. मग त्यात साखर येते. श्रीखंडात चक्का चांगला, पण जवळजवळ तेवढीच साखर. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दारोदारी फिरणाऱ्या सिंदीच्या पोरांच्या हातावर पेढा पडायलाच हवा, तो दिवस हिशेबाचा नाही. हिशेब बाकीच्या दिवसांचा ठेवावा.

किती घ्यावं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला दिवसाला 300 मिलिलिटर दूध किंवा दही पुरे. त्यातून 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. गरज 1000 ची, आणि अंगावर पाजणाऱ्या आईची 1200 ची. उरलेलं तीळ, जवसाची चटणी, नाचणी, राजगिऱ्याची भाजी यांतून यायला हवं. शाकाहारी घरांत बी-12 जीवनसत्त्वाचा जवळपास एकमेव नैसर्गिक झरा दूध-दही हाच आहे, आणि 300 मिलिलिटर दुधातून त्याची दिवसाची गरज निम्म्याच्या आसपासच भागते. हातापायाला मुंग्या येत असतील, कायम थकवा असेल तर दूध वाढवत बसू नका, रक्ततपासणी करून घ्या.

लहान मुलांच्या बाबतीत उलट चूक होते. जेवत नाही म्हणून दिवसाला लिटरभर दूध पाजलं जातं. दुधात लोह नसल्यातच जमा. दुधानं पोट भरलेलं मूल भाकरी-भाजी खात नाही आणि त्याचं रक्त कमी होतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात 400 मिलिलिटरपेक्षा जास्त दुधाची गरज नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये, दुधातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम त्यांना जड जातं.

शेवटची गोष्ट मोजमापाचीच आहे. लिटरभर रतीब येणाऱ्या पाच माणसांच्या घरात एक दिवस वहीत लिहून पाहा: चहाला किती गेलं, पाहुण्यांच्या चहाला किती गेलं, पोरांना किती, विरजणाला किती, आणि कापूस वेचून किंवा सोयाबीन कापून संध्याकाळी घरी आलेल्या बाईच्या वाट्याला काय उरलं. बहुतेक घरांत तिच्या वाट्याला फक्त चहातलं दूध येतं. तिचं कॅल्शियम बाळंतपणांत खर्च झालेलं असतं आणि साठीनंतर पाय घसरून मांडीचं हाड तिचंच मोडतं. तेव्हा उद्या दूध आलं की चहाचं आधण ठेवण्यापूर्वी दोन वाट्या दूध वेगळं काढा आणि विरजण लावा. रात्रीच्या जेवणात त्या दह्याची पहिली वाटी तिला वाढा.